वरवंट्याचा हात

सकाळची भांडी आवरली की मालनताई मिरजेच्या घरात कॉटवर दुलई पसरायच्या आणि तिच्यावर हात टाकून बसायच्या. तिकडे टोरंटोत रात्र झालेली असायची आणि केतकीच्या अंगावरच्या जोडीच्या दुलईत तेवढंच वजन उतरायचं. लहानपणीही आईचा हात पाठीवर पडल्याशिवाय ही कार्टी डोळा मिटायची नाही. दुलई तशी दोन्हीकडून चालायची, पण मालनताईंना कुठली झोपेची चैन!

केमो सुरू झाल्यापासून त्यांच्या हाताची काडी झाली होती. वजन कमी लागलं तर लेक नोकरी टाकून धावत येईल, म्हणून आज त्यांनी पंच्यात गुंडाळलेला वरवंटा दुलईवर ठेवला आणि शेजारी घेवडा मोडत बसल्या.

फोन वाजला.

"आई, हात फार जड लागतोय आज."

"वय झालं की हाडं जड होतात गं. झोप."

"आणि थोपटत का नाहीयेस? आई, या हाताला बोटंच नाहीत. काय ठेवलंयस?"

"वरवंटा," मालनताई पुटपुटल्या.

"काढ तो. तुझा हात ठेव."

त्यांनी ठेवला. टोरंटोतल्या दुलईत काडीएवढंच वजन उतरलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. औषध चालू आहे. उगाच येऊ नकोस हं."

"येणारच आहे. तोवर आडवी हो आणि दुलई पांघर."

"अगं, भाजी राहिलीय..."

"आई."

मालनताई कुशीवर वळल्या. पाठीवर पाच बोटांचं वजन हळूच उतरलं आणि थोपटू लागलं.