मितेश इज सेफ

"'मितेश इज सेफ.' आता याचा प्रश्न कर," मालतीबाई म्हणाल्या.

"इज मितेश सेफ?" जनीने विचारलं.

"बरोबर. आता नकारार्थी."

"नाय, बाई. त्यो नको."

मितेशच्या जहाजाला आग लागल्याचं गावाला मोबाइलवर कळलं होतं. परदेशातली कंपनी फक्त आईवडिलांशी बोलत होती, तेही इंग्रजीत. म्हणून जनी गडब गावाहून वरसे गावाला, लेकाच्या निवृत्त शिक्षिकेकडे धावत आली होती.

"अगं, समोरचा काय सांगतो ते तुला समजायला नको?"

"समजायला तुमी हाव ना. मी निस्ता इचारीन. पन त्यो 'नॉट' माज्या पोराच्या नावाला मी नाय लावायची."

"त्याच्यासारखीच हट्टी आहेस."

"त्यो बोलायचा, बाई छडी मारतात न् मंग सोताच रडतात."

दोघींना हसू आलं आणि लगेच थांबलं. मालतीबाईंनी फोन लावून स्पीकर सुरू केला.

जनीने नाव सांगितलं, मितेशची आई म्हणून सांगितलं. मग डोळे मिटून, एकेक शब्द सांभाळत तिने प्रश्न विचारला. एकही चूक झाली नाही. पलीकडचा माणूस हळू आवाजात बराच वेळ बोलला. शेवटी मालतीबाईंनीच फोन बंद केला.

"काय बोलला, बाई?"

"तुझा प्रश्न चुकला, जनी. त्याला कळलाच नाही. बस, परत शिकवते."