हंबीररावाची मिशी

साताऱ्याच्या खेळाला राणीचं काम करणारा नट तापानं फणफणला, तेव्हा कंपनीचे मालक हंबीररावाला म्हणाले, "आजच्यापुरती मिशी उतरव गड्या, लय उपकार व्हतील." पलटणीत नाव काढलेल्या घरातला हंबीरराव राणी झाला आणि असा गाजला, की पुढं आठ वर्षं त्याला मिशी ठेवताच आली नाही. गावी जाताना तो तोंडाला उपरणं गुंडाळून जायचा.

एकोणपन्नास साली राणीच्या कामाला खरीखुरी बाई आली. लुगड्याला विटलेल्या हंबीररावानं तीन महिने तेल चोळून मिशी वाढवली आणि सांगलीच्या खेळात राजा होऊन, मिशीला पीळ भरत तो रंगमंचावर आला.

पुढच्या रांगेतून हाळी आली, "आरं, ही तर आपली राणी! आज मिशी चिकटवून आलीया!"