कच्चे टाके

२०१७ सालचा फेब्रुवारी. सातपूरच्या दोन खोल्यांत प्रतिभा शिलाई मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज पुरा करत होती. नवऱ्याने, नाथाने, खाकी शर्ट तिच्या पुढ्यात टाकला.

"याच्या बाह्या कोपराच्या वर काप. लेथवर फुल बाही चालत नाही. शेठ कालपण ओरडला."

प्रतिभाने शर्ट उजेडात धरला. त्या घरात कपड्याची वाट ठरलेली होती. आधी लग्नाकार्याला, मग कामावर, मग घरात, शेवटी फडकं. जुना शर्ट पाठीवर विरला म्हणून हा वेळेआधीच कामावर आला होता.

"अहो, कॉलर बघा, अजून कडक आहे. आपल्या वेदिकाच्या लग्नात घालाल. बाही कापली की गेला शर्ट."

"मग आज काय उघडा जाऊ?"

"दुमडून देते. दोन टाके घालते."

पक्की शिवण उसवली की कापडावर भोकं राहतात. म्हणून तिने कच्चे टाके घातले.

"हं. झाली की नाही हाफ बाही?"

नाथा हसला. "शर्टाइतकं मला जपलंस ना, तर शंभर वर्षं टिकेन मी."

दुपारी कारखान्यात नाथाच्या शेजारच्या मशीनवर काम करणारा खाजा दारात आला. "भाभी, चला. नाथाभाऊचा हात अडकला." रिक्षात तो एवढंच म्हणत राहिला, "मी लगेच बंद केलं मशीन. लगेच केलं, भाभी."

दवाखान्यात नाथा शुद्धीवर होता. बाहीचे कच्चे टाके सुटले होते. उजवी बाही पिळून हातात रुतली होती. कापड कुठे संपतं आणि हात कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं. सिस्टरने कात्री घेतली.

"कापू नका," नाथा म्हणाला. "खांद्याची शिवण उसवा. बायको शिवते माझी, ती काढेल नीट. लेकीच्या लग्नाचा शर्ट आहे."

सिस्टरने प्रतिभाकडे पाहिलं.

"कापा," प्रतिभा म्हणाली.

"अगं, नको ना."

"कापा हो सिस्टर! विचारताय काय, कापा!"

आजूबाजूच्या खाटांवरची माणसं उठून बघू लागली. कात्री चालली. नाथाने मान भिंतीकडे वळवली. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि कागदावर सही कोण करणार ते विचारलं.

हात कोपराखालून गेला. शेठने भिंतीवरची पाटी दाखवली, पूर्ण बाहीचे कपडे घालून यंत्रावर येऊ नये. खाजाने लेथ सोडला, तो मालेगावला रिक्षा चालवतो. वेदिकाला पुढच्या वर्षी हरसूलला दिली, लग्न घरातल्या घरात उरकलं. नाथा एका सोसायटीच्या गेटवर बसतो. कामाला निघताना प्रतिभा त्याची बटणं लावते, तेवढा वेळ तो छताकडे बघत उभा राहतो. इतक्या वर्षांत त्याने तिला एका शब्दाने बोल लावलेला नाही.

"मी मुद्दाम सावकाश लावते," प्रतिभाने एकदा शेजारच्या आक्काबाईंना सांगितलं. "एखाद्या दिवशी तरी शिवी देतील म्हणून."