मेथीचा घोळाणा

मेथी तीन पाण्यांतून काढून, निथळून जगन्नाथनं परातीत घेतली. अंगावरून वारं जाऊन त्याच्या बायकोचा, सोजरचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून घरात कच्च्या मेथीचा घोळाणा झालाच नव्हता. आज तिला तो खावासा वाटला, म्हणून तो करायला बसला होता आणि ती बाजेवरून सांगत होती.

"आता मीठ टाका आणि चोळा."

त्यानं मीठ टाकून पानं मुठीत चुरली मात्र, थंडीनं भेगाळलेल्या बोटांत आग उठली. त्यानं हात झटकला.

"चमच्यानं कालवू का?"

"चमच्यानं कडूपणा जात नाही. पानं मऊ पडेस्तोवर हातानंच चोळावं लागतं."

तीस वर्षं रानात खुरपलेल्या तिच्या हातांकडे तो बघत राहिला.

"तुला झोंबायचं नाही?"

"झोंबायचं की. पण कडू लागलं की तुम्ही ताट सरकवायचा."

मान खाली घालून तो चोळत राहिला. मग दोन पानं त्यानं तिच्या तोंडात घातली. तिनं ती सावकाश चावली.

"अजून कडू आहे," ती म्हणाली.

जगन्नाथनं परात पुढ्यात ओढली आणि मिठात हात घातला.