सिब्रनचं म्हणणं

दुकानदार वेंडेलने काउंटरवर जाड फडकं अंथरलं आणि त्यावर ती बंदूक ठेवली. प्लंबरने उरलेल्या नळाच्या तुकड्यांतून घाईघाईत जुळवावी तशी दिसत होती. लाकूड कुठेच नाही, आणि काडतुसांची पेटी एका बाजूला आडवी बाहेर आलेली.

"स्टेन," कर्ट हळूच म्हणाला. "आई, बघ तरी. युद्धात हॉलंडमध्ये तुमच्या भूमिगतांसाठी इंग्रज रात्री विमानातून टाकायचे ना, हुबेहूब तशी."

फेम्के दाराजवळच्या खुर्चीत कोट न काढता बसली होती. लेक तिला डोळे तपासायला ग्रँड रॅपिड्सला नेत होता आणि वाटेत "पाच मिनिटं" म्हणून बंदुकांच्या या दुकानापाशी थांबला होता. ती गाडीतच बसणार होती, पण जानेवारीतल्या थंडीने तिला आत ढकललं.

"दिसली इथून," ती म्हणाली.

कर्ट शाळेत गणित शिकवायचा. मे महिन्यात गावातली डच मंडळी हॉलंडच्या मुक्तीचा दिवस पाळत, तेव्हा तो आणि त्याचे मित्र जुने गणवेश चढवून मिरवणुकीत चालत. आजवर त्याच्या खांद्याला लाकडाची खोटी बंदूक असायची. त्याची त्याला लाज वाटे.

"नळी एवढी लांब का?" त्याने विचारलं.

"कायदा. आखूड नळीची अशी सहज विकता येत नाही. आणि चाप ओढला की एकच गोळी सुटते, जुनीसारखी सरबत्ती नाही. बाकी मापाला माप." दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला आणि फेम्केकडे बघून हसला. "घाबरू नका, मावशी. आतली रचना नवी आहे. जुनी दगाबाज होती, ही नाही."

"दगाबाज म्हणजे?" कर्टने विचारलं.

वेंडेल खुलला. "जुनी स्टेन हातातून निसटली आणि दस्त्यावर आपटली, की आतला बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा लोखंडी ठोकळा, धक्क्याने मागे जायचा. मग स्वतःच पुढे यायचा, येताना काडतूस घेऊन. ठो! चापाला कुणाचं बोटसुद्धा लागायला नको. शिपाई तर थट्टा करायचे. म्हणायचे, खोलीत शत्रू असला तर स्वतः जाऊ नका, नुसती स्टेन आत फेका."

कर्ट हसला. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली.

फेम्के काउंटरपाशी आली होती.

"परत सांगा," ती म्हणाली.

"काय, मावशी?"

"पडल्यावर काय व्हायचं ते. सावकाश सांगा."

वेंडेलने परत सांगितलं. या खेपेला थट्टा गाळली. बोल्ट कसा मागे जायचा आणि कसा पुढे यायचा, ते मूठ मागेपुढे करून दाखवलं. ती त्या मुठीकडे बघत राहिली.

"बोट लागायला नको?"

"नको."

"शिडीवरून पडली तर?"

"टेबलावरून पडली तरी पुरे होतं."

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"ज्याने वापरली त्या प्रत्येकाला, मावशी."

"आमच्या घरी कुणाला माहीत नव्हतं," फेम्के म्हणाली. तिने काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली.

"आई, बस. बरं वाटत नाहीये का?"

ती बसली नाही. "माझा थोरला भाऊ सिब्रन माळ्यावरून बंदूक उतरवत होता. गवतात लपवलेली. शिडीवर त्याच्या हातातून निसटली. खाली आमचा धाकटा, डौवे, उभा होता."

डौवेमामाला कर्ट फक्त फोटोत ओळखत होता. पाच वर्षांचा, मोठ्या माणसाची टोपी घातलेला. 'युद्धात गेला', एवढंच घरात बोललं जाई. त्यामुळे जर्मनांनीच मारलं असणार, असं कर्ट धरून चालला होता, आणि ती समजूत कुणी दुरुस्त केली नव्हती. सिब्रनमामा म्हणजे तर कॅनडातून दर नाताळला येणारं एक पाकीट. आई ते न फोडता ठेवून द्यायची.

"सिब्रन सांगत होता, मी चापाला हात लावला नाही, ती आपोआप सुटली. बाबांनी त्याला पट्ट्याने फोडून काढलं. डौवेसाठी नाही. वर खोटं बोलतोस म्हणून. तो तरी तेच म्हणत राहिला. मग गप्प झाला, आणि मग निघून गेला."

"आणि तू?"

"मी नऊ वर्षांची होते. मला वाटायचं, चूक कुणाच्याही हातून होते, पण कबूल तरी करावं." तिने कर्टकडे पाहिलं. "पुढे मोठी झाले, तरी तेच वाटायचं."

वेंडेलने बंदूक फडक्यासकट आपल्याकडे ओढून घेतली. "मावशी, मी उगाच बोललो. माफ करा."

"तुम्ही नका मागू माफी," ती म्हणाली.

मग तिने विचारलं, "कॅनडात जायचा पूल इथून किती लांब आहे?"

"तीनेक तास. पण आई, आपला डॉक्टर..."

"डोळे उद्याही असतील. सिब्रन एकोणऐंशीचा आहे."

कर्टने पैसे द्यायला काउंटरवर काढून ठेवलेल्या आपल्या कार्डाकडे पाहिलं. "ही गाडीत असली तर सीमेवर सोडणार नाहीत."

ती दाराकडे वळली. कर्टने कार्ड उचलून खिशात घातलं. वेंडेलने फडक्याची टोकं बंदुकीवर दुमडली आणि ती आतल्या फळीवर ठेवून दिली.

बाहेर बर्फ भुरभुरत होतं. कर्टने तिला हाताला धरून गाडीपर्यंत नेलं आणि दार उघडून तसाच उभा राहिला.

"आई, साठ वर्षांनी त्याला सांगणार काय आहेस?"

"सांगायचं काही नाही," फेम्के आत बसत म्हणाली. "त्याने तेव्हाच सांगितलं होतं. माझं ऐकायचं राहिलंय."