नुसते ओठ

"वहिनी, चिमणीच्या पंख्यावर तेलाचा थर बसून त्याचा तोल गेलाय, म्हणून ही घरघर," मेकॅनिक म्हणाला. त्याने पंखा धुऊन परत बसवला, तर चिमणी इतकी शांत झाली की ती चालू आहे की नाही ते कागद धरून बघावं लागलं.

टीव्हीवरचं कीर्तन ऐकू येत नाही म्हणूनच सासऱ्यांनी त्याला बोलावलं असणार, असं हेमांगीने गृहीत धरलं. पण त्या घरघरीच्या आडोशानेच ती रोज पोळ्या लाटताना अभंग म्हणायची. शाळेत बाईंनी समूहगीतात नुसते ओठ हलवायला सांगितल्यापासून माणसांसमोर तिचा गळा उघडला नव्हता.

संध्याकाळी तिने नुसते ओठ हलवत पोळ्या लाटल्या.

टीव्ही बंद करून सासरे दारात आले. "अगं, त्या घरघरीत रोज कान देऊन ऐकायचो मी. चिमणीचा आवाज बंद करायला सांगितला होता, तुझा नाही."