वीस हात दोरी

मनसारामने बुलेटच्या मागच्या चाकाला तुंबा बांधायला घेतला आणि सुरेंद्र भडकला.

"हे काय बांधून राह्यले, भाऊ? गाडी बुडवाचीच आहे काय?"

"बुडवाची नाई," मनसाराम गाठ आवळत म्हणाला. "पण बिना तुंब्याची गाडी आमच्या डोंग्यात चढत नाई."

तुंबा म्हणजे वाळवलेला, पोकळ भोपळा. ढिवर लोक तो जाळ्याला बांधतात, म्हणजे पाण्याखाली जाळं कुठे आहे ते वरून कळतं. हा तुंबा वीस हात दोरीच्या टोकाला होता. सुरेंद्रला तो अपशकुन वाटला. नव्या गाडीला लोक लिंबू-मिरची बांधतात, भोपळा कोणी बांधत नाही.

गाडी खरंच नवी होती. पाचशे सीसीची, पावणेदोनशे किलोची. भद्रावतीच्या कारखान्यात सहा वर्षं ओव्हरटाइम करून, अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला घेतलेली. ती तो कोणाला चालवायला देत नव्हताच, पुसायलाही देत नव्हता. कॉलनीतले मित्र म्हणायचे, सुरेंद्रचं दुसरं लग्न झालं. पहिली बायको साधना वैनगंगेपलीकडच्या एका गावात नर्स होती. दोघांना महिन्याभराची रजा मिळाली होती आणि बुलेटवर थेट कन्याकुमारी गाठायची होती. साधनाने अजून समुद्र पाहिला नव्हता. गाडीच्या दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या लावून सुरेंद्र तिला न्यायला निघाला होता.

पुलावरून सत्तर किलोमीटरचा फेरा पडला असता, तोही खड्ड्यांतून. नव्या गाडीला खड्डे नकोत म्हणून त्याने ती नदीत घालायचं ठरवलं. जीव जडला की माणसाची अक्कल अशीच चरायला जाते. मनसारामने त्याला साधी तोड सांगून पाहिली.

"बाईले मी आणतो इकडे. गाडी काऊन नेता?"

"तिच्या दारात नेऊन उभी कराची आहे."

गोकुळा फस्सकन हसली. ही मनसारामची बायको. मागून तो बांबू टेकायचा, पुढे ती वल्हं धरायची. दोन डोंगे, म्हणजे लहान लाकडी होड्या, एकमेकांना बांधून वर बांबूंचा ताटवा टाकलेला होता. तिघांनी मिळून गाडी वर चढवली आणि मधल्या स्टँडवर उभी केली. मनसारामने एकेक गोष्ट सांगितली. हँडलचं लॉक उघडा. पेट्रोलचा कॉक बंद करा. पायातले जोडे काढा.

"आणि पक्कं ध्यानात ठेवा. गाडी कलली का सोडाची. धरून राहाची नाई."

"हो, हो," सुरेंद्र म्हणाला. उतारूंनी कंडक्टरला म्हणावं तसं म्हणाला. मनसारामची पाठ वळताच त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला, एक टोक हँडलला बांधलं आणि दुसरं मनगटाला गुंडाळून गाठ मारली. आता त्याला बरं वाटलं.

अर्धी नदी छान गेली. सुरेंद्रने पेट्रोलच्या टाकीवर उडालेले शिंतोडे बाहीने पुसले. तेवढ्यात पाण्याखालच्या कुठल्याशा ओंडक्यावर डोंगा घासला आणि हिसका बसला. स्टँडचा एक पाय बांबूंच्या फटीत गेला. गाडी पलीकडच्या अंगाला कलली.

"सोडा!" मनसाराम ओरडला.

सुरेंद्रने दुसरा हातही हँडलला घातला. गाडी पाण्यात गेली आणि तिच्यामागे तो छातीपर्यंत ताटव्याबाहेर ओढला गेला. गोकुळाने वल्हं टाकलं. जाळं कापायची सुरी तिच्या कमरेला नेहमी असायची. तिने एका घावात दुपट्टा कापला आणि त्याच्या शर्टाची कॉलर धरून त्याला मागे खेचलं. दोन बुडबुडे वर आले. मग नदी पूर्वीसारखी वाहू लागली.

"काऊन कापला, बाई?" सुरेंद्र रडवेला झाला होता. "मी धरली होती ना! माझी गाडी गेली ना!"

गोकुळाने सुरी पुसून कमरेला खोचली.

एवढ्यात बुळकन तुंबा वर आला. पिवळा भोपळा धारेत एका जागी डुलत राहिला. सुरेंद्रच्या जिवात जीव आला. मघाशी आपण याच भोपळ्यावरून तोंड सोडलं, याची त्याला लाज वाटली. पलीकडच्या काठावर जाळी वाळत घालणाऱ्या इतवारी आणि लटारूने तुंबा पाहिला. हातातलं टाकून दोघांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उड्या घेतल्या. तुंब्याजवळ पोचले आणि बुडी मारली. वर आले, पुन्हा मारली. आपल्या गाडीसाठी परकी माणसं जिवाचं असं रान करताहेत, हे पाहून सुरेंद्रचे डोळे भरून आले.

"हँडल धरा, भाऊ!" तो ओरडला. "पेट्या जाऊ द्या, हँडल धरा!"

मनसारामने तोंडाला हात लावून त्याच्यापेक्षा मोठ्याने हाक दिली.

"मालक इथी आहे! जिता आहे!"

दोघांनी हाक ऐकली. तोंडावरचं पाणी निपटलं. इतवारीने हात उंच करून दाखवला आणि दोघे सावकाश पोहत आपल्या काठाला परत निघाले.

"अरे, थांबले काऊन?" सुरेंद्र उभा राहिला. "गाडी तं खालीच आहे!"

"बसा खाली," मनसाराम म्हणाला. "दोन साल झाले, एक गाडीवाला असाच धरून राह्यला. तवा तुंबा नोता. तीन दिवस शोधलं त्याले. जिथी गाडी, तिथीच भेटला."

गोकुळाने वल्हं पाण्यात घातलं.

"गाडी उद्या काढतीन, भाऊ," ती म्हणाली. "आज ते तुमाले काढाले आले होते."